काही घाई नाही

देशात घरांच्या किमती वाढायच्या थांबल्या, त्याला चार वर्षं झाली होती. त्याआधी व्याजदर, पगार, जमिनीची टंचाई अशी कारणं सांगितली जायची. ती खरीच होती. पण भाव भडकतात ते 'आज घेतलं नाही तर उद्या परवडणार नाही' या भीतीने, हे डॉ. हेमलता सबनीस यांनी दाखवून दिलं. लाखो माणसं एकदम घाई करतात आणि त्या घाईनेच उद्याचा भाव चढतो. या घाईच्या मापाला त्यांनी 'उद्यांक' हे नाव दिलं. मोबाइलच्या टॉवरवरून सोडलेल्या सौम्य लहरींनी ती शमवता येते, हेही त्यांनीच शोधलं. सरकारने लहरी सुरू केल्या आणि भाव आवाक्यात आले.

तरी नवी घरं रिकामी राहू लागली. म्हणून डॉक्टरांनी प्रभाकर तायडेंना नागपूरच्या प्रयोगशाळेत बोलावलं. एसटीचे चालक, बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत राहिलेले. मंजूर झालेलं घर घ्यायला ते गेलेच नव्हते.

"घर नको होतं का?"

"नको असं नाही, मॅडम. हवंही वाटलं नाही. पोरीनं कॉलेजचा अर्जसुद्धा भरला नाही. राहून गेलं."

उपकरणांसाठी प्रयोगशाळेच्या त्या खोलीच्या भिंतींत तांब्याची जाळी होती. लहरी आत येत नसत. तासाभराने तायडे खुर्चीत पुढे सरकले.

"त्या घराला पूर्वेकडं खिडकी आहे. बायकोची, शालिनीची, शिलाई मशीन बसेल तिथं." त्यांनी घाईघाईने विचारलं, "गेलं का हो ते घर?"

"नाही. तुमच्याच नावावर आहे."

"मग उद्या तिला घेऊन येतो सहीला."

"तायडे, आजच बोलवा त्यांना."

"ती शिवणवर्गात असते. काळजी करू नका, मी आता विसरतो का?"

दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी फोन केला.

"हो, सही राहिली," तायडे शांतपणे म्हणाले. "बघू कधीतरी."

लहरी थांबवल्या तर भाव पुन्हा तायडेंच्या आवाक्याबाहेर जाणार होते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी त्याच जाळीच्या खोलीत बसून लहरी ताबडतोब बंद करण्याची शिफारस लिहिली आणि वरच्या मजल्यावर संचालकांकडे नेली. तिथल्या भिंतींत जाळी नव्हती.

संचालकांनी पत्र दोनदा वाचलं.

"बरोबर आहे तुमचं, अगदी बरोबर," ते म्हणाले. "ठेवून जा. काही घाई नाही."