तीन बाह्यांचा कोट

शिंपीकाकांनी टाचणीच्या कचेरीत तिच्या टेबलावर कोट पसरला. त्याला तीन बाह्या होत्या. तिसरी पाठीतून निघाली होती, आणि खोटं कशाला सांगू, ती इतकी सुबक होती की तीत घालायला हात नसल्याचं वाईट वाटावं.

"कुणीतरी दुकानात शिरून माझं काम बिघडवतंय," काका म्हणाले. "मुलगा म्हणतो, मलाच भ्रम झालाय. सोमवारी मशीन विकणार. त्याआधी चोर शोधा."

टाचणी खाजगी हेर होती. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. तिचा सोबती उशी, तोही नावाप्रमाणेच.

दुकानात दुपारचं ऊन पेंगत होतं. कापडाचे तंतू त्यात तरंगत होते, अर्धवट कोट खुंट्यांवर डुलक्या घेत होते. दारातच उशीला तीन शिंका आल्या.

"मला बटण लावता येत नाही, बाही कुठून लावू?" सून म्हणाली. "आणि मागच्या महिन्यात बाबा आठ दिवस आत्यांकडे होते. शिंकून हैराण झाले, पण तिथे फ्रॉक कसा बिनचूक शिवला! परत आले की पुन्हा तेच."

"म्हणजे दोष घरात. सूनच," उशी कुजबुजला.

"तू शिंक."

म्हातारा कारागीर कातर खाली न ठेवताच म्हणाला, "दुकान बंद झालं तर मी रस्त्यावर. मी कशाला बिघडवू?"

तिकडे काका दोरा ओठांत न धरता पेल्यातल्या पाण्यात बुडवत होते. सहाव्या खेपेला तो सुईत गेला.

"तोंडाला ओल म्हणून राहिली नाही," ते म्हणाले. "नजरही धूसर. झोप मात्र राजासारखी."

टाचणीने मुलालाही बोलावून घेतलं.

"इथे एवढे तंतू, तरी काकांना एक शिंक नाही. बहिणीकडे मात्र शिंकाच शिंका. म्हणजे शिंका थांबवणारं काहीतरी घरी राहिलं होतं. तेच तोंड सुकवतं, नजर धूसर करतं, झोप आणतं. काका, कुठली गोळी घेता?"

काकांनी खणातून पट्टी काढली. "ही? सर्दीची साधी गोळी. बारा वर्षं, रोज रात्री."

"साधी, म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. अशा काही जुन्या गोळ्या उतारवयात डोक्यात धुकं आणतात. वर्षानुवर्षं घेतल्या तर विस्मरणाच्या आजाराचा धोका वाढतो, अशीही डॉक्टरांना शंका आहे. बाही तुम्हीच लावलीत, काका. त्या धुक्यात."

काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "गेलेलं परत येईल?"

"किती, ते मला सांगता येणार नाही. पण सोमवारी डॉक्टरांकडे जा. मनाने काही बदलू नका."

मुलगा पुटपुटला, "मशीन राहू दे, बाबा."

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, शिंकांवर दुसरी दिली. तीन महिन्यांनी काही गिऱ्हाइकांची नावं अजून काकांच्या हाती लागत नव्हती. उशी मात्र विजारीचं माप द्यायला दुसऱ्यांदा उभा राहिला, तेव्हा ते टेपकडे पाहत थबकले.

"मंगळवारी कंबर बेचाळीस होती," काका म्हणाले. "आज चव्वेचाळीस. खरं सांगा, दोन दिवसांत काय काय हाणलंत?"