हिरवा रणगाडा

एकाच माणसाने एकच व्हिडिओ गेम पाच वेळा दुरुस्तीला आणला की दुरुस्त करणाऱ्याचं डोकं फिरतं. माझंही फिरलेलं.

सन १९९५. मी तेव्हा कोपरला घराच्या ओटीवर टेबल टाकून रिपेरिंग करायचे. त्याआधी नऊ वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टीव्हीचे बोर्ड जोडायला होते. कारखाना बंद झाला, हातातलं सोल्डरिंग राहिलं. इस्त्र्या यायच्या, टेप यायचे, पण सगळ्यात जास्त व्हिडिओ गेम. पांढरा डबा, वर कॅसेट खोचायची खाच, पुढे दोन रिमोट. अँटेनाच्या वायरीतून चित्रावर नुसत्या मुंग्या यायच्या, म्हणून मी डब्याला भोक पाडून दोन वायरी बाहेर काढायचे आणि टीव्हीच्या मागच्या पिनेला थेट द्यायचे. चित्र लख्ख व्हायचं. या कामासाठी लोक पार ठाण्याहून यायचे.

सहदेव घाग मात्र जवळचेच, दीनदयाळ रोडवर राहणारे. पोस्टातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला सेट माझ्यापुढे ठेवला.

"आमच्या चंदूचा आहे. तो मस्कतला असतो. आता त्याची आई खेळते."

"बिघाड काय?"

"दुसरा आपोआप चालतो."

त्या खेळात खेळणाऱ्यांचे दोन रणगाडे असत. पहिल्या रिमोटवर पिवळा, दुसऱ्यावर हिरवा. चंदूच्या आईला, मंजुळाकाकूंना, त्यानेच शिकवलेलं, त्यामुळे त्या दोघांचाच खेळ लावायच्या. पिवळा स्वतः चालवायच्या. हिरव्याने जागेवर उभं राहायला हवं होतं.

सेट उघडला. चंदूने आत बरेच उद्योग केलेले. खेळ हळू करायला दारावरच्या बेलचं बटण बसवलेलं, गोळ्या भराभर सुटायला वेगळा स्विच. जोड मात्र कारखान्यातल्यासारखे स्वच्छ. दुसऱ्या रिमोटची एक वायर सैल वाटली, ती पक्की केली. तासभर चालवून पाहिलं. हिरवा हलला नाही.

आठवड्याने काका परत हजर.

मी दुसरा रिमोटच कापून काढला. काका परत आले. बोर्डावरची त्या रिमोटकडे जाणारी तांब्याची रेघ ब्लेडने खरवडून तोडली. परत आले. शेवटी वैतागून अख्खा बोर्डच बदलला. आता आत चंदूच्या हातचं काहीच नव्हतं, होता तो फक्त डबा. टेबलावर प्रत्येक वेळी हिरवा मुकाट उभा राहायचा.

पाचव्या वेळी त्यांनी टॉवेल सोडायच्या आधीच मी म्हटलं, "काका, बिघाड सेटमध्ये नाही. काकूंचं बोट चुकून कुठेतरी लागत असेल."

"तुम्ही एकदा घरी या, सरोजताई." ते सेट तसाच उचलून उभे राहिले. "मी आता कोणाला सांगू तेच कळत नाही."

शुक्रवारी दुपारी गेले. रागानेच गेले, खरं सांगायचं तर. पिशवीत माझा स्वतःचा टेस्टिंगचा सेट घेतला, म्हणजे एकदाचा वाद मिटेल.

दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीत तुळस, शिकेकाईचा वास. मंजुळाकाकू चटईवर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी मान वळवून "ये गं, बस" म्हटलं आणि पुन्हा टीव्हीकडे पाहिलं.

हिरवा चालत होता.

भरकटल्यासारखा नाही. कोपऱ्यात जाऊन तो दोनदा डावी-उजवीकडे वळला, मग खाली आला. काकूंच्या पिवळ्यावर शत्रूचा गोळा सुटला की तो मध्ये येऊन उभा राहायचा.

"चंदू असाच खेळायचा," काका माझ्या मागून म्हणाले. "सुरू करायच्या आधी दोनदा वळायचा. आणि आईला लागू द्यायचा नाही."

दुसऱ्या रिमोटची जागा मोकळी होती. मी तिथे बोट घालून पाहिलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर फोन असलेल्या शांताबाईंनी हाक मारली, "घागकाकू, मस्कतचा फोन!"

मंजुळाकाकूंचे अंगठे थांबले नाहीत. "नंतर कर म्हणावं," त्या म्हणाल्या. "आत्ता चंदू खेळतोय."

काका एकटेच खाली गेले. दहा मिनिटांनी वर आले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले. मी आत गेले.

"चार महिने झाले, ती त्याच्याशी बोललेली नाही. तो विचारतो, आई रागावलीय का? काय सांगू मी त्याला?" त्यांचे डोळे भरले होते. "तुम्ही ते हिरवं तेवढं बंद करा. दुसरं काही नको."

मी बाहेर आले, काकूंना न विचारता त्यांचा सेट काढला आणि माझा लावला. हा सेट त्या घरात कधीच आलेला नव्हता. दुसरा रिमोट मी जोडलाच नाही. खेळ सुरू केला. पिवळा खाली डावीकडे, हिरवा उजवीकडे. दोन्ही स्तब्ध. मी मनात साठपर्यंत मोजलं. काकू हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या, वाट बघत बसावं तशा.

हिरवा सरकला. कोपऱ्यात गेला. दोनदा वळला.

"आला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट उचलला.

माझा सेट मी तिथेच ठेवून आले. परत मागायला कधी गेले नाही.

दिवाळीच्या आधी एक तिशीतला माणूस ओटीवर आला. उन्हाने रापलेला, चांगले बूट, आवाज चढलेला.

"मी चंदू घाग. माझ्या सेटचं काय केलंत तुम्ही?"

काल दुपारी तो घरी आला होता. बाबांनी मिठी मारली, रडले. आई टीव्हीसमोरून उठलीच नाही. रात्री त्याने हाक मारली तर म्हणाली, हळू बोला.

"काहीतरी सर्किट बसवलंय तुम्ही त्यात. माझ्यासमोर काढा."

मला आपली बाजू मांडायचा कंटाळा आला होता. आयुष्यात इतका निष्फळ खटाटोप मी कधी केला नव्हता. मी दुसरा रिमोट आणि सोल्डर गन पिशवीत टाकली आणि त्याच्याबरोबर निघाले. वाटेत तो आईबद्दलच बोलत होता. ती पहिल्यांदा खेळायला बसली तेव्हा रिमोट उलटा धरायची, म्हणाला.

घरी काकू चटईवर होत्या. या वेळी काकाही शेजारी बसलेले. दोघांचे डोळे टीव्हीवर.

मी दुसरा रिमोट जोडला, एकदा तपासला आणि चंदूच्या हातात दिला. हिरवा चालवायची यापेक्षा सरळ रीत नव्हती.

त्याने उजवीकडे दाबलं. हिरवा डावीकडे गेला.

त्याने वर दाबलं. हिरवा आईच्या रणगाड्यासमोर येऊन थांबला.

तो बटणं जोरजोरात दाबू लागला. खाटखाट आवाज खोलीभर झाला. पडद्यावर काहीच बदललं नाही.

"अहो, असं करू नका," मंजुळाकाकू मऊ आवाजात म्हणाल्या. "त्याला त्रास होतो."

चंदूने रिमोट खाली ठेवला. "आई, मी आहे. चंदू."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. नीट, निरखून पाहिलं. मग हसल्या, दारात आलेल्या कोणाकडेही बघून हसावं तशा.

"तुम्ही चहा घेणार ना?"

चंदू बाबांकडे वळला. ते टीव्हीकडेच बघत होते. हिरवा त्या वेळी अवघड जागेत अडकला होता, आणि काकांचे ओठ हलत होते.

मी पिशवी उचलली. मला त्या खोलीत आणखी एक क्षण थांबवत नव्हतं.

काका दारापर्यंत सोडायला आले. त्यांच्या हातात एक मोठी बॅग होती, मुठीला विमानाचं लेबल अजून लटकत होतं. ती त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि मागे एकदा बघून आवाज खाली आणला.

"सरोजताई, हे तुमच्याबरोबर आलेत ना? मग जाताना यांनाही घेऊन जा. चंदूला परक्या माणसांसमोर खेळायला अवघड होतं."