आधी वरचा नट

चाकात हवा भरून मिळेल का, असं विचारत तिने पिकअप त्या गॅरेजात घातली, आणि तिथे हवेचा पंप बंद होता. ती गाडी वळवणार, इतक्यात एका जीपखालून आवाज आला, "हवेचं राहू द्या. तुमचा मागचा गोळा घूं घूं करतोय, तो आधी बघा."

गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं डिफरन्शियल. शेजारी बसलेल्या बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. याच गाडीतून त्यांनी वीस वर्षं रोपवाटिकेची रोपं पोचवली होती. असातसा हात ते गाडीला लागू देत नसत.

"ऑइल बदलताना आधी कुठला नट खोलायचा?"

"वरचा, काका. भरायचा. तो निघाला तरच खालचा सोडायचा. नाहीतर जुनं गेलं आणि नवं घालायला वाट नाही."

"पास!" बाबा म्हणाले. पास कोण झालं ते बघायला तिने मान वाकवली आणि नेमका तेव्हाच तो मेकॅनिक जीपखालून बाहेर आला. नाकावर काळा डाग, डोळे मात्र... तिने घाईने दुसरीकडे पाहिलं.

मग वर्षभर त्या धडधाकट गाडीला काही ना काही होत राहिलं.

"हॉर्नचा आवाज बसलाय," ती म्हणायची.

"वाजतोय की चांगला. तुमच्याइतका नाही, पण वाजतोय."

"मी वाजत नाही, बोलते!"

"मग... बोलत जा."

एवढंच. 'तुम्ही'च्या पुढे एक पाऊल कुणी टाकलं नाही.

मग बाबा गेले. "एकटी काय करणार तिथे? गाडी विक, आमच्याकडे ये," दादा फोनवर रोज म्हणायचा. नाही म्हणायलाही त्राण लागतं. ती हो म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी पाच वाजता गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. वस्तू द्यायची तर नीट करून द्यावी, हे बाबांचं म्हणणं, म्हणून दुपारी ती ऑइल बदलायला आली.

"विकतेय," ती म्हणाली. "उद्या दादाकडे जातेय. कायमची."

त्याने नुसती मान हलवली, घमेलं उचललं आणि तो गाडीखाली शिरला. काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं, त्याचा तो उग्र वास पसरला. थोड्या वेळाने पाना घसरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. मग काहीच नाही.

"काय झालं?"

"वरचा नट गंजलाय. हलत नाही."

"मग खालचा..." ती थबकली. "आधी खालचा सोडलात? तुम्ही?"

तिला हसू यायला हवं होतं. आलं ते रडू.

"मुद्दाम?"

"नाही हो, शपथ! तुम्ही 'कायमची' म्हणालात, आणि... हात कुठे गेला कळलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा." आणि मग, समोर उभं राहून जे त्याला सात जन्मांत जमलं नसतं, ते गाडीखालून आलं— "जाऊ नकोस."

नकोस.

तिने बाह्या सारल्या आणि तीही गाडीखाली सरकली. त्याने नटावर पातळ तेल सोडलं, हातोडीने हलके ठोकलं, पान्याला पाईप अडकवला. मग चार हातांनी जोर लावला. नट करकरला, आणि सुटला.

तो पंपाने नवं ऑइल भरू लागला. ती तिथेच पडून होती.

"बाबा गेल्यापासून सगळे मला सोडायलाच सांगताहेत," ती म्हणाली. "घर सोड, गाडी सोड. मागे जे रिकामं होईल ते कशाने भरायचं, कुणीच सांगत नाही."

"थोडं थोडं करून," तो म्हणाला. "एका दमात नाही भरत."

वरच्या भोकातून एक थेंब ओघळला. भरलं होतं. त्याने नट लावला.

पाचला गिऱ्हाईक आलं. गालाला ऑइल लागलेल्या तिने हात जोडले. "माफ करा, काका. गाडी विकायची नाही."

ते कुरकुरत गेले. तो चिंध्यांनी हात पुसत राहिला, पुसून झाले तरीही.

"दादांना काय सांगणार आहात?"

"आहात?"

"...आहेस."

"सांगेन, वरचा नट निघाला," ती म्हणाली. "दादा बाबांचाच मुलगा आहे. त्याला कळेल."