पट अकरा

"हे कुणीतरी मुद्दाम करतंय!"

ताई भिंतीकडे बघून बोलली. समोर बारा खुंट्यांची ओळ होती, तेव्हा आरोप खुंट्यांनीच ऐकून घेतला. मागे दुधाचे पेले विसळणाऱ्या मावशींनी मान वर केली नाही. ताईला नेमकं तेच खटकलं. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस निदान 'काय झालं' म्हणून विचारतो.

झालं होतं एवढंच, की बाराव्या खुंटीवरची छत्री परत आली होती.

बालवाडीतल्या पोरांना अक्षरं कुठून यायला? म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र. ससा, होडी, चेंडू, किल्ली. मूल आपलं चित्र ओळखतं आणि तिथे दप्तर अडकवतं. पटावर मुलं अकरा. बाराव्या खुंटीवरची जुनी लाल छत्री कुणाचीच नव्हती, म्हणून ताईने स्वतः ब्रश घेऊन तिच्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात दिले होते. आज रंगाचे पोपडे खाली पडले होते आणि छत्री जशीच्या तशी. ओरखडे बारीक होते, मावशींच्या जाड बोटांना न जमणारे. पण संशयाने एकदा मनात घर केलं की बोटांची मापं कोण काढत बसतं?

आठ महिने ही बालवाडी कुलपात होती. जुन्या मंडळाने एका आठवड्यात हात वर केले. का, ते कुणी धड सांगेना. अकरा घरच्या आया कामाला जायच्या. त्यांची पोरं कधी शेजारणीच्या पायात, तर कधी बाहेरून कडी घातलेल्या घरात एकटी. ताईला ते बघवेना. तिने एका नव्या संस्थेकडे खेटे घातले, भांडली, आणि कुलूप उघडून घेतलं. संस्थेने एक महिना दिला होता. या शनिवारी तपासणी. पटात गडबड निघाली, किंवा एका जरी मुलाच्या बाबतीत हयगय झाली, तर पुन्हा कुलूप. या वेळी कायमचं.

आणि गडबड पटातच होती.

जुन्या हजेरीत नावं नऊ असोत की अकरा, खालची बेरीज रोज एकाने जास्त. किल्ल्या सोपवताना जुन्या मंडळाच्या थोरल्या बाई म्हणाल्या होत्या, "नावं किती का असेनात पोरी, पटावर एक जास्त लिहीत जा."

"म्हणजे खोटं लिहू?"

"खोटं कशाला? दुपारी मोजून बघ ना."

ताई तिथेच तडकली होती. इतकी वर्षं खोटा पट आणि वर हा शहाजोगपणा! तिच्या बालवाडीत हे चालणार नव्हतं. अकरा म्हणजे अकरा.

दुपारी हिरवे पडदे ओढले, की निजायच्या खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड पडायचा. फिनेलचा, दुधाचा आणि घामेजल्या केसांचा वास. मुलं पांघरुणात डोकी खुपसून निजत, म्हणून मावशींची पद्धत पायांचे तळवे मोजायची. "डोकी फसवतात, ताई. तळवे बाहेरच असतात." दर पंधरा मिनिटांनी वाकून ओळीतून जायचं, प्रत्येक जोडीला बोट लावायचं, आकडा मनात धरायचा.

पहिल्याच दिवशी ताईचे बारा आले. पुन्हा मोजले. बारा. तिने पडदा सर्रकन बाजूला ओढला तर अकरा, आणि तेही उठून भोकाड पसरलेले.

"बारा लिहून तर बघा एकदा," मावशी हलकेच म्हणाल्या. "काही मागत नाही ते. मोजलं की गप्प असतं."

"कोण ते?"

मावशी मुलांना थोपटत राहिल्या.

ताईने मनात सगळं जुळवून टाकलं. मंडळाला बालवाडी परत हवी असणार आणि मावशी मंडळाच्याच काळातल्या. मुलांनाही यांनीच पढवलं असणार. नाहीतर जेवायला बसताना ही पोरं मधे एक जागा का सोडतात? आणि बशीत एक बिस्कीट उरवून, हात पुढे न करता, सगळी त्याच्याकडे बघत का बसतात?

घरी आईला हे सांगितलं तर ती हसत सुटली. "जगाची पोरं सांभाळतेस, मला मात्र एक आणून दाखवत नाहीस. ते जास्तीचं असेल तर पाठव की इकडे! माझा दिवस तरी जाईल."

छत्री परत आली त्या दुपारी मात्र ताईचा संयम सुटला. मुलं निजल्यावर ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. मावशींना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "इथे पट अकराचा आहे. अकराच राहणार. बाराव्याला जागा नाही!"

खोलीतला श्वासांचा आवाज थांबला. सगळ्यांचा, एकदम. मग एकेक करून पुन्हा सुरू झाला.

मावशी दारात उभ्या होत्या. "ताई... असं नव्हतं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तळवे भरले अकरा. पुन्हा मोजले, अकरा. पंधरा मिनिटांनी पुन्हा, अकरा! ताईच्या जिवात जीव आला. चोराच्या मनात चांदणं, बोललेलं बरोबर लागलं, असं मनाशी म्हणत तिने मावशींकडे विजयाने पाहिलं. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या एका पांघरुणाकडे बघत होत्या. त्याखालचे तळवे ताईच्या बोटाला फरशीसारखे गार लागले होते. पंख्याखाली आहे पोर, म्हणून तिने त्यावर पांघरूण ओढलं आणि पुढे गेली.

चार वाजता व्हॅन आली. व्हॅनवाले काका याच आठवड्यापासून लागलेले, त्यांना अजून तोंडं ओळखीची नव्हती. संस्थेने दिलेल्या रुंद काठाच्या पिवळ्या टोप्या घालून मुलं धावत सुटली. ताईच्या कानाला फोन होता. उद्याच्या तपासणीचं चाललं होतं. तिने टोप्या मोजल्या.

"अकरा?" काकांनी विचारलं.

"अकरा."

व्हॅन गेली. ताईने हजेरी उघडली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'उपस्थित अकरा, घरी रवाना अकरा.'

"ताई..." मावशींचा आवाज निजायच्या खोलीतून आला. "जरा इकडे या..."

"आता काय काढलंत?"

"या तरी..."

पडदे अजून ओढलेलेच होते. कोपऱ्यात जास्तीच्या गाद्या रचलेल्या, आणि त्या चळतीमागे, भिंतीला चिकटून, काहीतरी हलत होतं. ताईने गादी बाजूला केली. होडीची खुंटी जिची, ती लहानगी अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. कपाळ घामाने ओलं, तळवे छान कोमट.

ताईने तिला हलवून उठवलं. पोर इथे, आणि हजेरीत 'रवाना'. उद्याची तपासणी तिला आठवली आणि लगेच विसरलीही, कारण दुसरं काहीतरी डोक्यात शिरत होतं. टोप्या अकरा होत्या. तिने स्वतः मोजल्या होत्या.

"चिमणे, तू व्हॅनमध्ये का नाही गेलीस गं?"

पोरीने डोळे चोळले. "तो म्हणाला, आज तू राहा. मी जातो."

"तो कोण?"

"छत्रीवाला." मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "त्यानं माझी टोपी पण घेतली."

ताईने मावशींकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला. त्यावर लबाडी नव्हती. भीती होती, आणि ती फार जुनी होती.

"कधीपासून आहे?" ताईने विचारलं.

"मी आले तेव्हाही होतं. थोरल्या बाई रोज धरायच्या त्याला मोजणीत. गेल्या वर्षी मंडळाचे नवे साहेब आले, तुमच्यासारखेच हिशेबाला पक्के. त्यांनी काट मारली." मावशींनी चिमणीला कडेवर घेतलं, घट्ट. "आठवड्यात कुलूप लागलं. पण तेव्हा ते इथून बाहेर नव्हतं पडलं, ताई. जायला त्याच्याकडे कुणाचा पत्ताच नव्हता..."

पत्ता. ताईने व्हॅनवाल्या काकांना फोन लावला. खूप वेळ वाजला.

"काका, मुलं... सगळी पोचली?"

"अगदी मोजून अकरा, ताई! होडीवाल्या मुलीच्या दारात थांबलो, तर आतून कुणी उतरेचना. शेवटी एकच टोपी उरली. विचारलं, बाळा कुठे सोडू, तर म्हणालं, ताईंच्या घरी. गेलो मग, रस्ताही त्यानंच दाखवला. तुमच्या आई दारातच उभ्या होत्या, वाट बघत असल्यासारख्या. त्यांना बघून हे पोर पहिल्यांदा हसलं बघा. त्यांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, अगंबाई, पाय किती गार रे तुझे!"