तारामती, इस्लापूर

लातूरच्या मे महिन्यात दुपारी दोन ते चार शहाण्या माणसानं कूलरपुढं आडवं व्हावं. धम्मप्रिया मात्र दोनला पाच कमी असताना लॅपटॉप उघडून बसायची आणि जगाचा इतिहास शिकायची. हौस होती म्हणा, पण नुसत्या हौसेनं कुणी त्या उकाड्यात वह्या भरत नाही. सहा वर्षं ती एका ज्युनियर कॉलेजात कंत्राटावर इतिहास शिकवत होती. एप्रिलमध्ये प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, जगाच्या इतिहासाचं प्रमाणपत्र जूनच्या आत आणा. न्हाईतर जागेवर दुसरं कुणीतरी येईल, मला दोष देऊ नका." नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ती आणि सासू सरजाबाई, दोघीच. नोकरी गेली तर पुढं काय, हा विचार ती मनात येऊच देत नव्हती.

म्हणून तिनं एका विद्यापीठाचा उन्हाळी ऑनलाइन वर्ग धरला होता. वीस दिवस, चाळीस विद्यार्थी, आणि सोळा दिवसांची हजेरी सक्तीची. नांदेडहून वर्षाराणी मॅडम शिकवायच्या. नेटचा भरवसा नाही म्हणून कॅमेरे बंद असायचे, पण हजेरी तोंडी. ॲप चालू ठेवून घोरणारे विद्यार्थी मॅडमनी पुष्कळ पाहिले होते. त्या नाव आणि गाव पुकारायच्या, आणि समोरून "हजर" असा आवाज यावा लागायचा.

"तारामती, इस्लापूर."

या नावापुढं रोज शुकशुकाट असायचा. मॅडम दोन क्षण थांबायच्या आणि म्हणायच्या, "धम्मप्रिया, लातूर." ती झटकन "हजर, मॅडम" म्हणायची. पहिले आठ दिवस हे असंच चाललं.

आठव्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिला मेसेज आला. 'ताई, मी तारामती. हितं रेंज न्हाई. नाव पुकारलं की माझ्या जागी तेवढं हजर म्हणा. लई उपकार व्हतील.'

आता यात काय एवढं? लातुरात शिकलेल्या पोरीला प्रॉक्सी काही नवी नव्हती. कॉलेजात धम्मप्रियानं मैत्रिणींसाठी तीन-तीन आवाज काढले होते, आणि सरांना कधी पत्ता लागला नव्हता. तिकडं इस्लापूरला, किनवटाकडच्या रानात बसलेली कुणी बाई शिकायला धडपडतेय, तिला मदत करायची नाही तर कुणाला? नवव्या दिवशी तिनं ओढणीचा पदर तोंडावर धरला आणि जरा घोगरा, हेल काढलेला आवाज लावला. "हजर, मॅडम." मग पदर काढून स्वतःच्या नावाला स्वतःचा आवाज दिला. तिचं तिलाच हसू आलं.

"कुणाची नक्कल करून राहिलीस गं?" डाळ निवडता निवडता सरजाबाईंनी विचारलं.

"गंमत, आत्या."

चार दिवस तिनं ही गंमत केली. त्या दिवसांत मॅडम काळ्या महामारीवर शिकवत होत्या. जहाजं बंदराला लागतात, महिनाभरात गावंच्या गावं ओस पडतात. "अशा वेळी यादी करणारा कारकून गावात पाऊल टाकायला घाबरायचा," मॅडम सांगत होत्या. "जुनी यादी बघून नवी उतरवायचा. मग मेलेला माणूस कागदावर जिवंत राही आणि जगलेला एखादा गळून जाई. आपण आज त्या कागदालाच खरं मानतो. दुसरं करणार काय?" धम्मप्रियानं हे वाक्य लाल शाईनं लिहून घेतलं.

बाराव्या दिवशी मॅडमनी एक गृहपाठ वाचून दाखवला. पुढच्या काळातल्या इतिहासकारासाठी आपण बसतो त्या खोलीचं वर्णन लिहायचं होतं. "तारामतींनी फार छान लिहिलंय, ऐका," मॅडम म्हणाल्या.

खोलीत पश्चिमेला खिडकी. खिडकीपाशी कूलर, त्याचं एक चाक मोडलेलं, खाली वीट लावलेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी हार घातलेला एका तरुण माणसाचा फोटो. पाण्याचा निळा ड्रम, त्यावर पितळी ताट. जमिनीवर बसून म्हातारी तूरडाळ निवडते.

धम्मप्रियानं वहीतून मान वर केली. तिनं कूलरकडं पाहिलं, विटेकडं पाहिलं.

'खाटेखाली भिंतीच्या कडेला हिरव्या बांगडीचा तुकडा पडलेला आहे,' मॅडम वाचत होत्या. 'झाडणारीला तो दिसत नाही. या खोलीत आम्ही तिघी असतो.'

वर्ग संपल्यावर ती गुडघ्यावर बसली आणि खाटेखाली हात घातला. तुकडा होता. धुळीनं माखलेला, पण हिरवाच.

तिनं मन घट्ट केलं. कुणीतरी चावटपणा करतंय. कधीतरी चुकून आपला कॅमेरा चालू राहिला असेल. पण कॅमेऱ्यातून खाटेखालचं कसं दिसेल? तिनं मेसेज आलेल्या नंबरला फोन लावला, तर असा नंबरच नाही असं उत्तर आलं. मग ती हजेरीचं पान उघडून बसली, आणि खरी धडकी तिथं भरली.

तारामती, इस्लापूर : बारापैकी बारा.

धम्मप्रिया, लातूर : बारापैकी आठ.

पहिले आठ दिवस त्या बाईच्या नावापुढं कुणी बोललं नव्हतं, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि नवव्या दिवसापासून ती स्वतः रोज ओरडून "हजर" म्हणाली होती. तिनं मॅडमना सविस्तर मेल केली. प्रॉक्सीचं तेवढं लिहिलं नाही. लिहिणार कशी? नाव कायमचं कटलं असतं. संध्याकाळी उत्तर आलं. 'रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. त्या चार दिवशी तारामतींचा आवाज आहे. तुमच्या नावाला आवाज नाही. आता एकही दिवस चुकवू नका.'

आठ दिवस उरले होते आणि आठही हवे होते.

तेराव्या दिवशी तिनं पदर धरला नाही. ओठ गच्च मिटून घेतले.

"तारामती, इस्लापूर."

"हजर, मॅडम."

घोगरा, हेल काढलेला. तिनं ओढणीआडून काढलेला तोच आवाज. तो आवाज जगात कुणाचाच नव्हता, तिनं तो बसल्या बसल्या बनवला होता.

"धम्मप्रिया, लातूर."

"हजर! हजर, मॅडम!"

"हां, आला आवाज. जरा मोठ्यानं बोलत जा."

त्या दिवशी तिनं वर्गातल्या शिल्पाला फोन केला. शिल्पा मुरुडची, पहिल्या आठवड्यात दोघींनी मिळून नकाशे काढले होते.

"शिल्पा, ही तारामती कोण गं? कुणी बघितलंय का तिला?"

"असं काय विचारून राहिल्या, ताई?" शिल्पा हसली. "ती तुमच्याच घरून बसते ना? ती बोलते तवा मागं तुमच्या सासूबाईंचा आवाज येतो की. परवा तिला चहा घे म्हणत व्हत्या."

धम्मप्रियानं फोन ठेवला. सरजाबाई ड्रममधून तांब्या भरत होत्या. "आत्या, परवा दुपारी तुम्ही चहा कुणाला घे म्हणालात?"

"तुला. अजून कुणाला?" म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, आणि मग जरा तिच्या बाजूला. "असं काय विचारतीस?"

पुढचे सहा दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले. सगळं सोडून द्यावं, असं रोज वाटायचं. पण सोडलं की नोकरी गेली. मॅडम रेशमाच्या वाटा शिकवत होत्या, वसाहती शिकवत होत्या, तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तिचा सगळा जीव त्या एका शब्दात अडकला होता. एकदा म्हणून मॅडमना ऐकू जाईना. मग दोनदा, मग चारदा. एकोणिसाव्या दिवशी ती इतकी किंचाळली की तिचा घसा फाटला, आणि सरजाबाईंनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही. तारामतीचा आवाज मात्र दिवसागणिक निवळत चालला होता. त्यातला घोगरेपणा गेला, हेल गेला. हजेरीच्या पानावर धम्मप्रियाचा आकडा मात्र चढत होता. पंधरा.

विसावा दिवस उजाडला.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. तिनं माईक तीनदा तपासला.

"तारामती, इस्लापूर."

कुणी बोललं नाही.

मॅडम थांबल्या. पुन्हा पुकारलं. शांतता. धम्मप्रियाला वाटलं, सुटलो एकदाचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"धम्मप्रिया, लातूर."

तिनं तोंड उघडलं.

"हजर, मॅडम."

आवाज तिचाच होता, स्वच्छ, वर्गात शिकवताना असायचा तसा. फक्त तिच्या घशातून काही निघालं नव्हतं.

"शाब्बास. सोळा झाले बघा तुमचे. अभिनंदन."

"मॅडम, ती मी नव्हे!" ती ओरडली. माईक चालू होता. मॅडम पुढचं नाव पुकारत होत्या.

ती खुर्ची सोडून उठली आणि पाठ न फिरवता दारापर्यंत मागं सरकली.

"आत्या."

सरजाबाई हातभर अंतरावर होत्या. बोटं डाळीतून खडे वेचत होती.

"आत्या, माझ्याकडं बघा ना हो."

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, सावकाश गेली आणि फोन कानाला लावला.

"हाव, प्राचार्य साहेब. व्हय, झालं म्हनं तिचं. लई बरं झालं बघा, काळजीच व्हती. हाय की, हितंच बसलीय. देते."

धम्मप्रिया दारात उभी होती. सरजाबाईंनी फोन रिकाम्या खुर्चीकडं धरला.

"घे गं. जागा तुझीच म्हनत्यात."

त्यांनी हात मागं घेतला आणि त्या सुपाकडं वळल्या. फोन खाली पडला नाही.