मागचं उजवं चाक

ब्रेकच्या आतल्या पॅडवर काहीच उरलं नव्हतं. नुसतं लोखंड, आणि तेही घासून निळं पडलेलं. त्याच चाकाचं बाहेरचं पॅड मात्र जवळजवळ नवं होतं.

विवियान नोर्लिन कण्हत गाडीखालून बाहेर आली. मार्च संपत आला तरी उत्तरेकडच्या ग्रानलीडेन गावात गुडघाभर बर्फ होता आणि तिची कंबर सकाळपासून बोंबलत होती. एकसष्टाव्या वर्षी कुणी गाड्यांखाली शिरू नये. पण गावात दुसरं गॅरेज नव्हतं.

बाकावर सिक्स्टेन ओकेरलुंड बसला होता. वय एकोणऐंशी. काल वळणावर त्याची गाडी धूर सोडत बर्फाच्या ढिगात घुसली होती. शेजारी त्याची मुलगी पर्निला. बातमी ऐकून रात्रीच्या विमानाने ती दूर दक्षिणेतल्या, कमी थंडीच्या माल्मोहून आली होती.

"यांचा पाय सारखा ब्रेकवर असतो," पर्निला म्हणाली. "तेवढं लिहून द्या. यांचं लायसन काढून घ्या म्हणून मी वाहतूक खात्याला कळवणार आहे."

सिक्स्टेन जमिनीकडे बघत राहिला. लायसन गेलं तर काय होईल, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्याची बायको सीव साठ किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती आणि तिकडे बस आठवड्यातून दोनदाच जायची. हा रोज जायचा. याने भरवल्याशिवाय ती घास घेत नव्हती.

"मला दुष्ट समजू नका," पर्निलाचा आवाज चढला. "उद्या ते मेले तर? कुणाला मारलं तर?"

विवियानने सुस्कारा सोडला. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं तिला नको झाली होती. पण एक गोष्ट डोक्यात टोचत होती. पाय ब्रेकवर राहिला तर चारही चाकांची पॅडं झिजायला हवीत. बाकीच्या तिन्ही चाकांची पॅडं तर चांगली जाड होती.

तिने पोस्टवालीला फोन लावला.

"आनेली, काल सिक्स्टेनच्या मागे तूच होतीस ना? काय दिसलं?"

"धूर! मागच्या उजव्या चाकातून. हॉर्न वाजवून वाजवून दमले, बाई."

"आणि ब्रेकचे लाल दिवे?"

"छे! पेटलेच नाहीत. अगदी ढिगात शिरताना पेटले, तेवढेच."

विवियानने फोन ठेवला. "पर्निला, आत बसा आणि पेडल दाबा."

दोन्ही दिवे लख्ख पेटले. "सोडा." दिवे विझले. जॅकवर चढवलेलं ते उजवं चाक विवियानने हाताने फिरवून पाहिलं. हललं नाही. मग तिने खाली हात घालून चाकापाशी आलेली एक केबल पकडीने आकड्यातून सोडवली. चाक गरगर फिरलं.

"सिक्स्टेन, हँडब्रेक कधी ओढता?"

"थंडीत? डोकं फिरलंय का माझं? गिअरमध्ये टाकायची आणि उतरायचं. शेंबडं पोरही सांगेल तुला."

"फेब्रुवारीत गाडी आणखी कुणी चालवली?"

सिक्स्टेन खिडकीबाहेर बघू लागला. "कुणी नाही."

"असं काय, पप्पा!" पर्निला वैतागली. "सुट्टीत मी नव्हते का आले? मुलांना पोहायला नेलं होतं. येताना नुसता चिखल न् पाणी, आणि रात्री उणे सत्तावीस! बघा, हे असं विसरतात. अंगणाला उतार आहे म्हणून मी गाडी किती नीट लावून ठेवली होती, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तशी."

विवियान हात पुसत स्टुलावर बसली. आता हे बोलणं तिच्या जिवावर आलं होतं.

"पाय ब्रेकवर नव्हता," ती म्हणाली. "असता तर लाल दिवे पेटलेले दिसले असते. दिवे चालतात, तुम्हीच पाहिलंत. पेडल सोडलं तरी चाक अडकून होतं, आणि केबल काढताच सुटलं. म्हणजे ब्रेक दाबत होती ती हँडब्रेकची केबल. तिच्या नळीला चीर आहे. चिखलाचं पाणी आत गेलं, रात्री गोठलं, ओढलेली केबल जागच्या जागी अडकली. पुढे नळीतला बर्फ वितळला, पण तोवर तिला गंज धरला होता. डावी बाजू सुटली, उजवी नाही."

"पण मग एकच पॅड कसं?"

"पॅडं धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून जाम आहेत. म्हणून बाहेरचं पॅड डिस्कला टेकलंच नाही. आतलं एकटं महिनाभर घासत राहिलं, आणि काल ते चाक पुरतं धरून गाडी वळणावर घसरली. आणि या गावात थंडीत हँडब्रेक कुणी ओढत नाही. तो ओढला माल्मोच्या माणसाने."

पर्निला बापाकडे वळली.

"पप्पा... तुम्हाला माहीत होतं?"

"हँडब्रेकची दांडी वर दिसली. खाली केली, डॅशबोर्डवरचा दिवा विझला. वाटलं, सुटला ब्रेक." सिक्स्टेनने नाक पुसलं. "चाक धरलंय हे नव्हतं माहीत. खरंच."

"आणि आत्ता? कुणी नाही म्हणालात! मी तुम्हाला सगळ्यांसमोर म्हातारा ठरवत होते आणि तुम्ही..."



"खात्याला कळवू नका म्हणजे झालं," विवियान म्हणाली.

पर्निलाने मान खाली घातली. "सकाळीच पाठवलं. फोनवरून. तुमचा कागद तेवढा मागून जोडणार होते."

सिक्स्टेनने डोळे मिटून घेतले. विवियानला त्या बाईला झोडपून काढावंसं वाटलं आणि तिची कीवही आली.

"मग दुसरं पाठवा. आत्ता, इथे बसून. चूक कुणाची ते नाव घालून लिहा. खाली माझा दाखला जोडा. ते लोक डॉक्टरकडे तपासणीला पाठवतीलच, ते काही चुकत नाही. पण डोळे ठीक आहेत यांचे. पास होतील."

पर्निलाने लिहिलं. विवियानने फोनवरचा मजकूर दोनदा वाचला आणि मान हलवली.

"नवी केबल, मागे दोन्हीकडे नवी डिस्क आणि पॅडं, पिना घासून ग्रीस. गुरुवारी या."

"गुरुवारी?" सिक्स्टेन दचकून उठला. "अकरा वाजलेत. सीव बाराला जेवते."

पर्निलाने खिशातून भाड्याच्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही चालवा. मी बाजूला बसते. एक शब्द बोलणार नाही, शप्पथ."

"बोल की," सिक्स्टेन म्हणाला. "वर्षातनं चार दिवस येतेस. त्यात भांडण नको, म्हणून तर मी गप्प बसलो होतो."