चिमणी, तांबट आणि वाफेचं इंजिन

बसमधून उतरताना पिशवीचा तळ फाटला आणि आतलं बिडाचं चाक उतारावरून जे सुटलं, ते सुटलंच. ती ओरडत मागे धावली. चाक एका पायावर जाऊन आदळलं आणि त्या पायाचा मालक दुसऱ्या पायावर नाचायला लागला.

"फार लागलं का हो?"

"लागलं... पण चाक देखणं आहे." त्यानं ते उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "वाफेचं इंजिन. छोटं, पण माणसं ओढणारं. बरोबर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तांबट आहे. असल्या इंजिनांचे तांब्याचे बॉयलर दुरुस्त करतो. चाक झिजलंय, लेथवर धरावं लागेल. बॉयलर कसा आहे?"

बॉयलर गळत होता. हे सांगावं की गिळून टाकावं, अशा पेचात ती क्षणभर उभी राहिली. मग पत्ता सांगून मोकळी झाली, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली.

ते इंजिन बाबांनी अकरा वर्षं खपून घडवलं होतं. खाटेएवढं लांब, मागच्या डब्यावर बसून चालवायचं. दोन वर्षांपूर्वी बागेतल्या रुळांवर फेरी मारताना, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी फुटली आणि बाबांचा डावा डोळा गेला. तेव्हापासून इंजिन मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं. आता मात्र बाबांनी ध्यासच घेतला होता—दुरुस्ती तर करायचीच, शिवाय नवा ब्रेक, आणि एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह!

ती नळी अपघाताच्या आदल्या दिवशी तिनं आवळली होती. एक आटा जास्तच... हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबट आला. इंजिन पाहून तो जमिनीवर मांडी घालूनच बसला.

"चिमणी, चहा टाक गं!" बाबांनी हाक दिली.

त्यानं इंजिनाच्या धुराड्याकडे पाहिलं. "ही चहासुद्धा करते?"

"चिमणी मी आहे," ती दारातून म्हणाली.

"अरेच्चा! आणि मी तांबट. म्हणजे दोघंही पक्षीच की."

बाबा खो-खो हसले. कितीतरी महिन्यांनी.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. सांधे बुजवायला चांदीचा डाख देताना निळी ज्योत फुरफुरायची, तांबं लालबुंद व्हायचं, आणि दारात उभी असलेली ती पटकन तोंड फिरवायची. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. एक दिवस तिनं तिथला जाड काचांचा चष्मा आणून त्याच्यापुढे धरला.

"हा लावूनच काम करायचं. तुमच्या डोळ्यांची मला... म्हणजे कुणाच्याही डोळ्यांची..."

"कळलं," तो म्हणाला. चष्मा घालून तो इतका वेळ तिच्याकडे बघत राहिला, की तिला कपबशा उचलायचं निमित्त काढावं लागलं.

गळती थांबली. चाकं लेथवरून चकचकीत होऊन आली. चाचणीसाठी दिलेला थंड पाण्याचा दुप्पट दाब बॉयलरनं निमूटपणे सोसला. आता दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला की रविवारी वाफ करायची... आणि नेमका तो व्हॉल्व्हच सापडेना! बाबांनी शेड उलटीपालटी केली, तांबटानं कोळशाचं पोतंसुद्धा ओतून पाहिलं. तीही शोधत होती—नुसतं दाखवायला. व्हॉल्व्ह फडताळात होता, चष्म्याच्या एका डबीत. तिनंच ठेवलेला. तो सापडला नाही, तर वाफ होणार नाही. वाफ झाली नाही, तर कुणाला काही होणार नाही...

आठव्या दिवशी दुपारी तांबट थेट दुकानात आला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"चष्मा हवाय. समोरची वस्तू दिसत नाही."

"कसली?"

"पितळेची. अंगठ्याएवढी."

तिच्या हातातली काच ट्रेमध्ये पडली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. नळी, तो जास्तीचा आटा, बाबांचा डोळा, दोन वर्षांची झोपमोड.

त्यानं खिशातून नमुन्याला ठेवलेली, जुनी नळी धरणारी दोन पितळी टोकं आणि एक आकृती काढली. "बॉयलरवरून उतरवण्याआधी मोजून ठेवलं होतं. ही दोन टोकं एका रेषेत नव्हती. काच पहिल्या दिवसापासून वाकडी ताणलेली होती. तुम्ही आवळली नसती, तरी फुटलीच असती."

"माझं समाधान करायला सांगताय?"

"डाख आणि मापं, या दोन बाबतींत मी खोटं बोलत नाही."

तिनं डोळे पुसले. "व्हॉल्व्हचं कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्याच दिवशी. सगळीकडे शोधलंत, फडताळाकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाहीत."

"मग आठ दिवस गप्प का?"

तो कानामागे खाजवत राहिला. "तेवढंच येणं होत होतं ना... तुमच्याकडे."

त्या संध्याकाळी तिनं व्हॉल्व्ह बाबांच्या हातात ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी व्हॉल्व्ह बाजूला ठेवला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेडाबाई! ती टोकं मी बसवली होती. वाकडी. आणि तू एकटी जळत बसलीस होय?"

रविवारी सकाळी बागेत भुरभुर पाऊस होता. थेंब गरम बॉयलरवर पडून चुर्रकन उडत होते. दाबाचा काटा चढत गेला, तशी ती तांबटाच्या जवळ सरकली. एकाएकी दोन्ही व्हॉल्व्हमधून वाफ फिस्सकन उसळली. तिनं तांबटाची बाही पकडून त्याला मागे खेचलं.

"दाब वाढला की त्यांनी हेच करायचं असतं," तो हलकेच म्हणाला. बाही मात्र त्यानं सोडवून घेतली नाही.

"चिमणे, तू चालव," बाबा बाकावर टेकत म्हणाले. "एका डोळ्यानं मला अंतर कळत नाही."

ती पुढे बसली, तो तिच्या मागे. तिनं वाफेचा दांडा ओढला आणि इंजिन छुक करून सरकलं. नव्या काचेतलं पाणी हलत होतं, तिची नजर काही तिथून हटेना. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मग तिला जाणवलं, आपल्या खांद्यावरची त्याची पकड घट्ट होत चाललीय.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"हो."

"इंजिनाची?"

"छे. तुम्ही नाही म्हणाल याची."

"अजून विचारलंय कुठे तुम्ही?"

तिनं दांडा ढकलला, नवा ब्रेक आवळला. इंजिन झाडांच्या कडेला सुस्कारत उभं राहिलं. ती मागे वळली. त्याचा चेहरा काजळीनं माखलेला होता, कान लाल झाले होते.

"विचारा. मग पुढे जाऊ."

त्यानं विचारलं. नीट जमलं नाही त्याला, शब्द मागेपुढे झाले. पण तिला कळलं. तिनं त्याचा काळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि "हो" म्हणाली.

बाकावरून बाबा धडपडत उठले होते. आवाज घाबरा झाला होता. "का थांबलं गं? काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही, बाबा!" ती ओरडली. "जमलंय!"

बाबा जागच्या जागी थबकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग घसा खाकरून तितक्याच जोरात ओरडले, "मग हला की पुढे! वाफ फुकट चाललीय!"